हयातीचा दाखला गूगलवर कुणाचा सापडतो? कीवर्ड आणि बॅकलिंकची गोष्ट



वेबसाइट गूगलवर वर कशी येते, हा आजचा विषय. नाव काढलं की लोकांना वाटतं, हे दुकानदारांचं आणि कंपन्यांचं काम. मी कलाशाखेचा पदवीधर, उमेदीची सगळी वर्षं फौजेत गेली. निवृत्तीनंतर माजी सैनिकांच्या एका मंडळात पेन्शनच्या कागदपत्रांना मदत करायला बसू लागलो आणि तिथून या विषयात शिरलो. म्हणून उदाहरणंही त्याच टेबलावरची देणार आहे. तुमची वेबसाइट लोणच्यांची असो, गावाची असो की नाट्यमंडळाची, हिशोब तोच लागू पडतो.

एकच कागद घेऊ. पेन्शन घेणाऱ्याला दरवर्षी आपण जिवंत आहोत हे सरकारला कळवावं लागतं. सरकारी भाषेत त्याला जीवन प्रमाणपत्र म्हणतात. नोव्हेंबर २०१४ मध्ये हे काम ऑनलाइन करणारी ‘जीवन प्रमाण’ योजना आली आणि नोव्हेंबर २०२१ पासून मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवूनही ते होऊ लागलं. सोय चांगली आहे. पण महाराष्ट्रातल्या घरांत ‘जीवन प्रमाण’ असं कोण म्हणतं? आपल्याकडे तो हयातीचा दाखला. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या मराठी घरांत मी ‘जीवित प्रमाणपत्र’ ऐकलंय, हैदराबाद-बंगळूरकडे सरळ ‘लाइफ सर्टिफिकेट’.

समजा, एका दिवंगत हवालदाराची पत्नी मुलाकडे वडोदऱ्याला राहते. दाखला वेळेत गेला नाही तर पेन्शन थांबते, हे तिला ठाऊक आहे. ती मोबाइल घेते आणि विचारते. समोर काय येतं? कधी सरकारी पान येतं, पण इंग्रजीत. कधी जाहिरातींनी भरलेली पानं येतात, ज्यांत एकच अर्धवट माहिती तीनदा फिरवून लिहिलेली असते. आणि कधी ‘हेल्पलाइन’ म्हणून एखाद्या भामट्याचा नंबर येतो, जो गोड बोलून ओटीपी मागतो. उलट ज्या सुभेदार-मेजर साहेबांनी रेकॉर्ड ऑफिसात आयुष्य घालवलं, त्यांनी नीट मराठीत लिहिलेलं पान पाचव्या पानावर पडून असतं. पाचव्या पानापर्यंत कुणी जात नाही. तेव्हा वर कोण दिसतं, हा प्रश्न नुसत्या धंद्याचा नाही. त्या बाईंची पेन्शन त्याच्यावर लटकलेली असते.

आता गूगल नेमकं करतं काय ते बघू. पुष्कळांचा समज असा की आपण शोधायला सांगितलं की गूगल धावत जाऊन सगळं इंटरनेट चाळतं. तसं नाही. त्याचा एक प्रोग्राम, ज्याला क्रॉलर म्हणतात, आधीच हिंडत असतो. एका पानावरची लिंक पकडून दुसऱ्या पानावर, तिथून तिसऱ्यावर. जे वाचतो त्याची तो सूची करतो, जाड पुस्तकाच्या शेवटी असते तशी: हा शब्द, या या पानांवर. तुम्ही प्रश्न विचारता तेव्हा तो या सूचीत पाहतो आणि सापडलेल्या पानांना क्रम लावतो. सूचीत तुमचं पानच नसेल तर क्रमाचा प्रश्नच येत नाही.

मराठीची पहिली अडचण इथेच आहे. कित्येक संस्थांची पानं आजही श्रीलिपी किंवा शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहेत. तो फॉन्ट असलेल्या संगणकावर आपल्याला मराठी दिसतं, पण आतमध्ये असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. क्रॉलरला फॉन्ट दिसत नाही, आतली अक्षरं दिसतात. त्याच्या दृष्टीनं तो निव्वळ गाळ. हाच मजकूर युनिकोडमध्ये हवा. दुसरा प्रकार म्हणजे परिपत्रकाचा फोटो काढून चढवलेला. फोटोतली अक्षरं ओळखण्याची यंत्रणा आज आहे, पण तिरक्या, शिक्का मारलेल्या, तिसऱ्या झेरॉक्सच्या फोटोवर भरवसा ठेवू नका. मंडळाची वेबसाइट माझ्याकडे पाहायला आली तेव्हा ती बनवून देणाऱ्यानं हे दोन्ही प्रकार करून ठेवले होते. दिसायला वेबसाइट झकास, वर तिरंगा फडकतोय, आणि गूगलच्या लेखी जवळजवळ कोरी.

मजकूर युनिकोडमध्ये आला, आता शब्द कुठले? यालाच कीवर्ड म्हणतात. माणूस शोधताना जे शब्द लिहितो किंवा बोलतो, ते कीवर्ड. बाजारात याला ‘कीवर्ड रिसर्च’ म्हणतात आणि त्यासाठी महागडी सॉफ्टवेअर विकतात. आमच्याकडे एक दोनशे पानी वही होती. टेबलावर जो येईल त्याचं पहिलं वाक्य, तो बोलला तसंच, त्या वहीत लिहायचं. व्याकरण सुधारायचं नाही, साहेबी भाषेत भाषांतर करायचं नाही. महिनाभरात कळलं की ‘कुटुंब निवृत्तिवेतन’ हा शब्द टेबलावर बसलेल्या आमच्याशिवाय कुणीच उच्चारत नाही. लोक म्हणतात, “माझे मिस्टर वारले, पेन्शनचं काय करायचं?” “पेन्शनच्या कागदात माझं नाव चुकलंय.” “वडिलांच्या पेन्शनवर आईचं नाव कसं चढवायचं?” शेवटचं वाक्य जरा बारकाईनं बघा. यात पीपीओ नाही, जॉइंट नोटिफिकेशन नाही, पार्ट टू ऑर्डर नाही. हे सगळे शब्द उत्तरात येतात. प्रश्न घरच्या भाषेत असतो.

म्हणून पानाचं शीर्षक प्रश्नाच्या भाषेत आणि आतलं उत्तर कागदाच्या भाषेत, अशी सांगड घालायची. शीर्षक: ‘पतीच्या निधनानंतर फॅमिली पेन्शन सुरू करण्यासाठी काय करायचं?’ आत पहिल्या परिच्छेदात: यालाच सरकारी कागदात कुटुंब निवृत्तिवेतन म्हणतात. त्यामुळे दोन्ही शब्द पानावर आले आणि वाचणाऱ्या बाईंनाही ऑफिसात गेल्यावर कुठला शब्द वापरायचा ते कळलं. हयातीच्या दाखल्याचं तसंच. शीर्षकात हयातीचा दाखला, पहिल्याच ओळीत जीवन प्रमाणपत्र आणि लाइफ सर्टिफिकेट.

नुसत्या एका शब्दावर मात्र विसंबू नका. संरक्षण खात्याच्या पेन्शनच्या प्रणालीचं नाव ‘स्पर्श’ आहे. मराठीत नुसतं ‘स्पर्श’ शोधून बघा, कविता, कादंबऱ्या, त्वचेची काळजी, काय वाटेल ते येईल. ‘स्पर्श पेन्शन लॉगिन’, ‘स्पर्शवर पत्ता बदलणे’ असे दोन-तीन शब्दांचे गट धरले की शोधणाऱ्याला नेमकं काय हवंय ते कळतं. अशा लांब वाक्यांवर स्पर्धाही कमी असते. मोठ्या वेबसाइटी ‘पेन्शन’ या एका शब्दासाठी भांडत असतात. त्यांना भांडू द्या.

मराठीला आणखी एक खोड आहे, ती म्हणजे सामान्यरूप. दाखला, दाखल्याची, दाखल्यासाठी, दाखले. पूर्वी यंत्राला हे सगळे वेगवेगळे शब्द वाटत. २०१९ साली गूगलनं ‘बर्ट’ नावाची भाषा समजून घेणारी पद्धत आणली, आधी इंग्रजीसाठी आणि डिसेंबरात ७० हून अधिक भाषांसाठी. त्यांत मराठी होती. तेव्हापासून प्रत्येक रूप मुद्दाम पेरायची गरज कमी झाली आहे. तुम्ही सरळ मराठी लिहिलीत तर रूपं आपोआप येतात. ऱ्हस्व-दीर्घाचं फार मनावर घेऊ नका. लोक ‘पेंशन’ लिहितात, ‘पेन्शन’ लिहितात, आणि तरुण पोरं तर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात. इंग्रजी अक्षरांतला एक पर्याय पानावर कुठेतरी असला तर बिघडत नाही.

पण याचाच अतिरेक करणारे असतात. असं वाक्य तुम्ही पाहिलं असेल: “हयातीचा दाखला हवा आहे? हयातीचा दाखला मिळवण्यासाठी आमचं हयातीचा दाखला पान वाचा, कारण हयातीचा दाखला महत्त्वाचा आहे.” याला शब्द कोंबणं म्हणतात. काही जण पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत शब्दांची यादी लपवायचे. शत्रूला दिसू नये म्हणून आम्हीही कॅमोफ्लाज करतो, पण ही युक्ती गूगलनं फार पूर्वीच ओळखली. पानाच्या पोटात ‘मेटा कीवर्ड’ नावाचा एक रकाना असतो. तो भरून देण्याचे आजही पैसे घेतात. क्रम लावताना हा रकाना आम्ही पाहतच नाही, असं गूगलनं सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर केलं होतं. पंधरा वर्षांहून जास्त काळ झाला. जे पाहिलंच जात नाही त्याचे पैसे देऊ नका.

आता दुसरी बाजू. शब्द म्हणजे तुम्ही स्वतःबद्दल काय सांगता. पण स्वतःबद्दल काय, कोणीही काहीही सांगेल. फौजेत दरवर्षी अधिकाऱ्याचा गोपनीय अहवाल होतो, एसीआर. तुम्ही किती चांगले आहात, हे तुमचे वरिष्ठ लिहितात. तुम्हीच तुमच्याबद्दल लिहून दिलेलं बढतीच्या बोर्डापुढे चालत नाही. आणि लिहिणारा कोण, यालाही वजन असतं.

१९९६ च्या सुमारास अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन हे दोन विद्यार्थी याच विचारावर काम करत होते. शास्त्रज्ञ आपल्या निबंधात दुसऱ्यांच्या निबंधांचा हवाला देतात. ज्या निबंधाचा हवाला जास्त जण देतात तो महत्त्वाचा मानला जातो. वेबवरची लिंक हा तसाच हवाला समजला तर? त्यांच्या प्रकल्पाचं पहिलं नाव ‘बॅकरब’ होतं, कारण तो मागून येणाऱ्या लिंका, म्हणजे बॅकलिंक, तपासत होता. दुसऱ्याच्या पानावरून तुमच्या पानाकडे येणारी लिंक ती बॅकलिंक. १९९८ साली त्यांनी गूगल कंपनी काढली आणि या हिशोबाला नाव दिलं पेजरँक.

हिशोब गमतीदार आहे, थोडा वेळ देऊ. कल्पना करा, एक माणूस वेबवर उगाच भटकतोय. १०० पैकी ८५ वेळा तो पानावरची कुठली तरी लिंक दाबून पुढे जातो, १५ वेळा कंटाळून भलतंच पान उघडतो. असा अनंत काळ भटकला तर ज्या पानावर तो जास्त वेळा पोचेल त्याचं वजन जास्त. याचा अर्थ, प्रत्येक पान आपल्या वजनाचा ८५ टक्के भाग आपल्यावरच्या लिंकांमध्ये सारखा वाटून देतं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयासारख्या एखाद्या पानाचं वजन १०० धरू आणि त्यावरून फक्त ५ ठिकाणी लिंका आहेत असं मानू. प्रत्येकाला मिळाले १७. आता तितक्याच वजनाचं दुसरं पान घ्या, ज्यावर पैसे घेऊन ५,००० वेबसाइटींची यादी चिकटवली आहे. प्रत्येकाच्या वाट्याला ०.०१७. हजारपट फरक. आकडे समजुतीसाठी घेतलेत, पण जोखणाऱ्याच्या शब्दाला किंमत केव्हा येते ते यातून दिसतं. दिसेल त्याला चारित्र्याचा दाखला वाटणाऱ्या माणसाच्या दाखल्याला गावात कोण विचारतो?

आजचं गूगल यापेक्षा खूप गुंतागुंतीचं आहे. पेजरँक हा अनेक कसोट्यांपैकी एक उरला आहे, आणि लोकांना तो आकडा दाखवणं गूगलनं २०१६ मध्ये बंद केलं. पण लिंकेची किंमत गेलेली नाही. म्हणूनच तिचा बाजार भरतो.

या बाजाराचं एक गाजलेलं प्रकरण सांगतो. जेसी पेनी हे अमेरिकेतलं जुनं, मोठं दुकान. २०१० च्या नाताळच्या हंगामात ड्रेस, चादरी, गालिचे, काहीही शोधा, गूगलवर पहिलं नाव त्यांचं. न्यूयॉर्क टाइम्सनं खोदून काढलं तेव्हा दिसलं की त्यांच्याकडे हजारो लिंका अशा पानांवरून येत होत्या ज्यांचा कपड्यांशी काडीचा संबंध नव्हता. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलनं कारवाई केली. एका बॅगेच्या शोधात संध्याकाळी पहिल्या क्रमांकावर असलेलं दुकान दोन तासांत ७१ व्या क्रमांकावर गेलं. आमच्याकडे कोर्ट मार्शललाही याहून जास्त वेळ लागतो. दुकानानं आपल्याला हे ठाऊक नव्हतं असं सांगितलं आणि काम बघणाऱ्या कंपनीला काढलं. त्याआधी, २००६ मध्ये बीएमडब्ल्यूची जर्मन वेबसाइट यंत्राला एक आणि माणसाला दुसरंच पान दाखवते म्हणून सूचीतूनच काही दिवस बाहेर काढली गेली होती.

एप्रिल २०१२ मध्ये ‘पेंग्विन’ नावाचा बदल आला आणि विकतच्या लिंकांवर ही कारवाई यंत्राकडे गेली. २०१६ पासून बहुतेक वेळा अशा लिंका सरळ मोजल्याच जात नाहीत. म्हणजे शिक्षा नाही झाली तरी पैसे पाण्यात.

मला एका कंपनीच्या मुलाचा फोन आला होता. “सर, १५ दिवसांत पहिला नंबर, ५०० बॅकलिंक, गॅरंटी.” मी विचारलं, कुठून आणणार? “सगळ्या हाय डीए साइट्स, सर.” डीए म्हणजे डोमेन ऑथॉरिटी. हा मॉझ नावाच्या एका कंपनीनं स्वतःच्या अंदाजानं काढलेला १ ते १०० चा आकडा आहे. गूगल तो वापरत नाही. मी यादी मागवली. तिच्यात ऑनलाइन जुगाराच्या साइटी होत्या, कुठल्यातरी परदेशी औषधांच्या होत्या आणि रोज शंभर लेख छापणारे ज्यांचा लेखक कोण हे सांगत नाहीत असे अड्डे होते. सैनिकांच्या विधवांसाठी चालवलेल्या पानाची शिफारस जुगाराचा अड्डा करणार. त्या मुलावर मी रागावलो नाही, त्याला त्याचं टार्गेट होतं. पण गूगलच्या स्वतःच्या मार्गदर्शनात स्वच्छ लिहिलंय की पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही. बदल केल्यापासून परिणाम दिसायला चार महिने ते एक वर्ष लागतं, असंही त्यांच्याच माणसांनी सांगून ठेवलंय. १५ दिवस म्हणणाऱ्याला एवढंच ऐकवा.

दुसरा प्रकार अदलाबदलीचा. मी तुझी लिंक लावतो, तू माझी लाव. उंटाच्या लग्नात गाढवांनी गावं आणि दोघांनी एकमेकांची तारीफ करावी, तसं. चार स्नेही संस्थांनी एकमेकांची नावं दिली तर कुणी हरकत घेत नाही. शे-दोनशे वेबसाइटींचं कडं करून हेच केलं की ते लगेच दिसतं.

मग लिंक मिळते कशी? दुसऱ्याला आपल्या पानाची गरज पडली पाहिजे. आमच्या वहीत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येत होता: मुलगा बदलीनं दुसऱ्या राज्यात गेला, आईही गेली, आता तिथे कुणाकडे जायचं? दिल्लीला केंद्रीय सैनिक बोर्ड, राज्याला राज्य सैनिक बोर्ड, जिल्ह्याला आपलं कार्यालय, ही साखळी देशभर आहे. पण जिल्ह्यातल्या ऑफिसचं नाव राज्यागणिक बदलतं. महाराष्ट्रात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, तर कुठे जिल्हा सैनिक बोर्ड. पाटीवरची लिपीही वेगळी. आमच्यातल्या दोघा-तिघांनी फोन करकरून वडोदरा, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद अशा मराठी वस्ती असलेल्या शहरांसाठी मराठीत एक तक्ता बनवला: तिथे ऑफिसला काय म्हणतात, कुठे आहे, कुठले कागद घेऊन जायचे. मराठीत असं पान दुसरं नव्हतं. मग त्या शहरांतल्या मराठी मंडळांना पत्रं लिहिली. त्यांच्या सभासदांत माजी सैनिक होतेच, त्यांनी लिंक लावली. एका कॉलेजच्या एनसीसीच्या पानावर लागली. काही सरकारी आणि पंचायतींच्या पानांवर जुन्या, मोडलेल्या लिंका होत्या, त्यांना कळवलं की ही लिंक उघडत नाही, याच विषयावर आमचं चालू पान आहे, उपयोगी वाटलं तर बघा. काहींनी बदललं, काहींनी उत्तरही दिलं नाही. सरकारी काम आहे, वाट पाहायची सवय आम्हाला आहे.

पत्र लिहिताना एक गोष्ट सुचवा. लिंक ज्या शब्दांवर लावलेली असते तेही गूगल वाचतं. ‘इथे क्लिक करा’ या शब्दांवर लावलेली लिंक मुकी असते. ‘माजी सैनिकांसाठी राज्यवार कार्यालयांची यादी’ या शब्दांवर लावली तर पानात काय आहे ते क्रॉलरलाही कळतं आणि दृष्टी गेलेल्या, फोनकडून वाचून घेणाऱ्या माणसालाही. मात्र सगळ्यांना एकच ठरावीक वाक्य देऊ नका, ज्याला जसं सुचेल तसं लिहू द्या.

सगळ्या लिंका सारख्या मोजल्या जात नाहीत, हेही लक्षात घ्या. जानेवारी २००५ मध्ये गूगल, याहू आणि एमएसएन यांनी मिळून ‘नोफॉलो’ नावाची खूण आणली. लिंकेच्या पोटात ती असली की अर्थ होतो: रस्ता दाखवतोय, पण हमी देत नाही. २०१९ पासून जाहिरातीच्या आणि वाचकांनी टाकलेल्या लिंकांसाठी आणखी दोन खुणा आल्या. विकिपीडियावरून बाहेर जाणाऱ्या लिंका नोफॉलो असतात, यूट्यूबच्या व्हिडिओखाली मी देतो त्याही. त्यांतून माणसं येतात, वजन येत नाही. माणसं आली तरी काय वाईट आहे?

आणि व्हॉट्सअॅप. आपल्या लोकांचं सगळं ज्ञान आज तिथे आहे. एखादे निवृत्त हेड क्लार्क ग्रुपवर अप्रतिम माहिती लिहितात, ती पाचशे जणांना जाते आणि आठवड्यात गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडली जाते. क्रॉलर तिथे पोचत नाही, तिथल्या लिंकेची नोंद होत नाही. पुढच्या नोव्हेंबरात तोच प्रश्न, तीच धावाधाव. तोच मजकूर एका पानावर टाका आणि ग्रुपवर त्या पानाचा पत्ता पाठवा. कष्ट तेवढेच.

पान लिहिणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि किती वर्षं हे काम केलं ते खाली लिहा. पान शेवटचं कधी तपासलं ती तारीखही. पैसा आणि आरोग्य या विषयांत गूगल अनुभव, तज्ज्ञता, अधिकार आणि विश्वासार्हता यांकडे जास्त बारकाईनं पाहतं असं सांगतं. यातला ‘अनुभव’ हा शब्द त्यांनी डिसेंबर २०२२ मध्ये मुद्दाम जोडला. रेकॉर्ड ऑफिसात आयुष्य गेलेल्या माणसाकडे हे चारही आहेत, फक्त तो संकोचानं नाव घालत नाही. बाकी पान मोबाइलवर नीट उघडतं ना आणि पटकन उघडतं ना, हे गावाकडच्या नेटवर्कवर एकदा बघून घ्या.

जो शोधणारा आहे त्याच्यासाठीही दोन शब्द. बॅकलिंकांवरून कळतं की किती जणांनी बोट दाखवलं. ते बोट खऱ्याकडे आहे की नाही, हे त्यातून कळत नाही. शिवाय सगळ्यात वर ‘प्रायोजित’ असं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, ती जाहिरात असते, पैसे भरून लावलेली. सरकारी पान ओळखायचं तर पत्त्यात शेवटी डॉट गव्ह डॉट इन किंवा डॉट एनआयसी डॉट इन आहे का पाहा. आईला, मावशीला हे एकदा दाखवून ठेवा. आणि शोधातून मिळालेल्या नंबरावर ओटीपी सांगायचा नाही, मग तो कितीही वर दिसो.

आपलं पान कोणत्या शब्दांवर दिसतं, किती जण उघडतात, कुणाच्या लिंका आल्या आहेत, हे गूगलच्याच ‘सर्च कन्सोल’ या फुकट साधनात दिसतं. ते कसं जोडायचं ते पुढच्या भागात प्रत्यक्ष पडद्यावर करून दाखवतो. त्याआधी तुमच्या मंडळात एक चौकशी करून या: वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन, कुणाच्या नावावर घेतलंय आणि त्याची मुदत कधी संपते? पुष्कळ ठिकाणी ते वेबसाइट बनवणाऱ्या मुलाच्या नावावर असतं. मुलगा नोकरीला लागून निघून जातो, नूतनीकरणाची ईमेल त्याच्याकडे जाते, नाव सुटतं. सुटलेली, चांगल्या लिंका असलेली नावं हेरून विकत घेणारे लोक असतात. मार्च २०२४ मध्ये गूगलनं या प्रकाराविरुद्ध वेगळा नियम केला, पण लिंका लावणाऱ्यांच्या पानांवर त्या तशाच राहतात. इंदूरच्या मंडळानं विश्वासानं लावलेली लिंक दाबून ती बाई मग दुसऱ्याच कुणाच्या दारात उभी राहते. डोमेन संस्थेच्या नावावर करून घ्या, ईमेल संस्थेचा द्या, आणि नूतनीकरणाची तारीख ऑफिसच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.